‘शेजारची शाळा’ : बोस्टनमधील एका शब्दप्रयोगाविषयी

अमेरिकेतील बोस्टन शहरात शाळांतील वर्णविभाजनावरून जो वाद पेटला, त्यात लुईझ डे हिक्स यांच्या मतांइतकीच त्यांची भाषाही अभ्यसनीय आहे. १९६१ साली त्या शालेय समितीवर निवडून आल्या. १९६३ साली कृष्णवर्णीय नेत्यांनी, शाळांत प्रत्यक्षात वर्णविभाजन आहे एवढे तरी मान्य करावे, अशी मागणी केली. अध्यक्षपदी असलेल्या हिक्स यांनी ती फेटाळली.

आपला विरोध कोणत्याही वर्णाला नाही, असे त्या म्हणत. ‘शेजारची शाळा’ हवी आणि ‘बळजबरीची बसवाहतूक’ नको, हाच त्यांचा घोष. मराठीत ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणताना आपणांस काही खटकत नाही. परंतु इंग्रजीत कायद्याने अनिवार्य आणि बळजबरीचे यांसाठी निरनिराळे शब्द आहेत, व विरोधकांनी दुसराच उचलला. त्यामुळे वादाचा कर्ता बस झाली आणि विभाजन वाक्यातून नाहीसे झाले. विरुद्ध पक्षही निर्भीड नव्हता: १९६५ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानेही ‘विभाजन’ न म्हणता ‘असमतोल’ म्हटले.

२१ जून १९७४ रोजी न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला. शाळांच्या हद्दी आणि मुलांच्या बदल्या यांची व्यवस्था समितीने जाणूनबुजून विभाजन टिकेल अशीच ठेवली होती, आणि शेजारच्या शाळेचे तत्त्व सोयीपुरतेच पाळले होते, असे त्यांना आढळले. त्या सप्टेंबरात साउथ बोस्टन या हिक्स यांच्याच वस्तीत कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले.