शान्ताबाई आणि अनुवादाचा मान

बारामती आणि इंदापूर या दोन गावांची नावे मराठी काव्याच्या इतिहासात क्वचितच एकत्र येतात. वास्तविक त्यांना जोडणारा एक धागा आहे. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बारामतीत स्थिरावले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. महाभारत त्यांनी आर्यावृत्तात मराठीत आणले. इंदापूर येथे १२ ऑक्टोबर १९२२ रोजी जन्मलेल्या शान्ता शेळके यांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले. 'आर्याभारत' रचणाऱ्या मोरोपंतांना आपण निःशंकपणे कवी म्हणतो. शान्ताबाईंचे अनुवाद मात्र बहुधा 'इतर लेखन' या सदरात ढकलले जातात. हा भेद कशामुळे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

शान्ताबाईंचे वडील वनखात्यात अधिकारी होते. इंदापूर हे जन्मगाव असले तरी त्यांच्या बालपणाचे नाते मंचर-खेड परिसराशी अधिक. पुढे पुण्यात हुजूरपागा आणि स. प. महाविद्यालय येथे शिक्षण झाले, एम.ए.ला मराठीबरोबर संस्कृत होते. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये त्यांनी काही वर्षे काम केले, नंतर नागपूर आणि मुंबई येथे मराठीचे अध्यापन केले. 'वर्षा' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९४७ सालचा. संस्कृतची बैठक, वृत्तपत्री लेखनाची शिस्त आणि वर्गातील विवरणाची सवय या तिन्हींचा उपयोग त्यांच्या अनुवादांना झालेला दिसतो.

लुइसा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन' या कादंबरीला त्यांनी दिलेले 'चौघीजणी' हे नावच पाहावे. मूळ शब्दांचा मराठी पर्याय शोधत बसण्याऐवजी त्यांनी मराठी व्याकरणालाच कामाला लावले. माणसे मोजताना आपली भाषा 'चौघे' आणि 'चौघी' असा भेद करते. त्या एका प्रत्ययाने परक्या देशातील बहिणी ओळखीच्या होतात. 'मेघदूता'साठी त्यांनी मूळचे मंदाक्रांता वृत्त धरले नाही. मराठी कानाला सरावाची मात्रांची लय घेतली. 'पाण्यावरच्या पाकळ्या'मध्ये जपानी हायकू आणि 'त्रिवेणी'मध्ये गुलजार यांची त्रिपदी रचना मराठीत आली. चार परंपरा, चार निराळ्या घाटांच्या कृती. आणि प्रत्येक ठिकाणी निर्णय घेणारा कान एका कवयित्रीचाच आहे.

मोरोपंतांशी ही तुलना ताणू नये, हे आम्ही जाणतो. पंतांनी मुळाचा संक्षेप केला, शब्दचमत्कृतीची हौस भागवली. शान्ताबाई मुळाशी बांधील राहिल्या. तथापि पंतांच्या काळी पुन्हा सांगणे हेच काव्य होते. आधुनिक काळात कवितेचे मोल आत्माविष्कारावर ठरू लागले, आणि दुसऱ्याचा शब्द आपल्या भाषेत वसवणे दुय्यम मानले गेले. या कसोटीचा फटका शान्ताबाईंना दुहेरी बसला. गीतलेखनातही त्या चालीसाठी, प्रसंगासाठी, पात्रासाठी लिहीत होत्या. सेन्सॉर बोर्डाशी संबंध असताना तर काही गीतांवर 'डॉ. वसंत अवसरे' हे टोपणनाव आले. दुसऱ्याच्या आवाजात शिरण्याची जी शक्ती गीतांत वाखाणली गेली, तीच अनुवादांत केवळ मेहनत म्हणून नोंदली गेली.

१९९६ साली आळंदीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले; ६ जून २००२ रोजी त्यांचे निधन झाले. सन्मान मिळाला नाही, असे म्हणता येणार नाही. उणीव आमच्या अध्यापनातही आहे. आम्ही वर्गात 'गोंदण'मधील कविता शिकवतो आणि अनुवादांची नुसती यादी सांगून पुढे जातो. यापुढे निदान 'मेघदूता'चा एखादा श्लोक मूळ संस्कृत, कुसुमाग्रज आणि शान्ताबाई असा शेजारी ठेवून वाचावा. कोणता शब्द का निवडला, याची चर्चा विद्यार्थ्यांनीच करावी. इंदापूर आणि बारामतीच्या वर्गांत तरी हा पाठ सुरू व्हायला हवा.