थेंब झेलणारा उजेड

साल १९७७. न्यू जर्सीतलं होल्मडेल. आरशासारख्या काचांची एक अवाढव्य इमारत आणि बाहेर तीन पायांची, ट्रान्झिस्टरच्या आकाराची पाण्याची टाकी. ही बेल लॅब्ज, संशोधनाची प्रयोगशाळा. आत शिरा. उंच चौकात बुटांचा ठकठकाट, सज्जासज्जातून गप्पा, कॉफीचा आणि सिगरेटचा वास. हजारो माणसांच्या या गर्दीत तुमच्याकडे कोण बघतंय?

आता एका अंधाऱ्या खोलीत या. दार लावा, वाऱ्याची झुळूकसुद्धा इथे चालत नाही. आत उकडतंय, आर्गन लेझर वीज खातो आणि उष्णता ओकतो. त्याला थंड ठेवणारं पाणी नळ्यांतून खळखळतंय. शेजारी रंगद्रव्याचा लेझर आहे. त्यात केशरी द्रव काचेसारख्या पातळ धारेनं सतत वाहतो. या लेझरचा रंग पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत हवा तसा बदलता येतो. हे संशोधक आर्थर अ‍ॅश्किन आणि जोसेफ झिएजिक यांचं राज्य. कशालाही हात लावू नका!

काचेच्या छोट्या पेटीत सिलिकॉन तेलाचा फवारा उडालाय. धुकं खाली बसतंय. खालून वर जाणाऱ्या किरणात एक थेंब अडकला, आणि पडायचाच थांबला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. केसाहून बारीक तो थेंब नुसत्या उजेडावर बसलाय. दोरी नाही, टेकू नाही. तुमच्या तळहातावर ऊन पडतं तेव्हा तेही असंच ढकलत असतं, फक्त तुम्हाला कळत नाही.

आता लेझरचा रंग सावकाश बदलतोय. एका नेमक्या छटेला थेंब एकदम जास्त ढकलला जातो; त्याला त्याच उंचीवर ठेवणारं यंत्र लगेच लेझरची ताकद उतरवतं. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज भिंतीच्या कडेकडेनं फिरते ना, तसा उजेड थेंबाच्या आतल्या कडेनं फेऱ्या मारतोय. फेरी पुरी झाल्यावर लाट आपल्याच लाटेशी जुळली की अनुनाद होतो, आणि उजेडाचा जोर वाढतो. रंग किंचित सरकला की जुळणी मोडली. मला यातला हा चोखंदळपणा फार आवडतो: थेंबाचा आकार जरासा बदलला, तर त्याच्या पसंतीचा रंगही बदलतो.

अजून बारीक काही हवं? मग ९ वर्षं पुढे उडी मारा, इमारत तीच. आता कण पाण्यात आहेत, काही जेमतेम २५ नॅनोमीटरचे. लेझर भिंगातून घट्ट एकवटलाय आणि कण ढकलला न जाता उजेड एकवटतो त्या बिंदूकडेच ओढला जातोय. मात्र एवढ्याशा कणावर जोर इतका तोकडा, की पाण्याचे रेणू त्याला धक्के मारून सारखे हुसकावतात.

जेवणाची वेळ झाली. डोळे चोळत कॅन्टीनच्या रांगेत लागा, आणि पैसे द्यायला खिशातली आजच्या काळातली नवी नोट मात्र काढू नका.