उदिरप्पट्टी ते विमा : आगीत धावणाऱ्याच्या घराचे काय?

तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात दगडाचा एक द्वारपाल आहे. हा भोसल्यांचा राजवाडा, पण द्वारपाल त्यांच्याही कितीतरी आधीचा. तो सापडला कुंभकोणमला लागून असलेल्या दारासुरम्‌च्या ऐरावतेश्वर मंदिरात, आणि मूळचा तिथलाही नव्हे. त्याच्या पायथ्याशी कोरलेला तमिळ लेख सांगतो, की विजयराजेंद्रदेवाने कल्याणपुर जाळले आणि हा द्वारपाल तिथून आणला. हा विजयराजेंद्र म्हणजे अकराव्या शतकातला चोळ राजा राजाधिराज. कल्याणपुर म्हणजे चालुक्यांची राजधानी, आपल्या उमरग्यापलीकडचे आजचे बसवकल्याण.

शहर जाळणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. त्या दिवशी शेजाऱ्याचे घर वाचवायला घागर घेऊन कोण धावले, त्यातले कोण परत आले नाही, हे कुठेच लिहिलेले नाही. दुसऱ्यासाठी आगीत शिरणाऱ्याच्या घराची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा माग काढायचा तर सुरुवात या कोऱ्या जागेपासूनच करावी लागते.

त्या काळाकडे उत्तर अजिबात नव्हते असे मात्र नाही. तमिळ शिलालेखांत ‘उदिरप्पट्टी’ हा शब्द येतो. उदिरम् म्हणजे आपले रुधिर. पळवलेली गुरे सोडवताना, गाव किंवा देऊळ राखताना जो पडला, त्याच्या कुटुंबाला दिलेली जमीन ती उदिरप्पट्टी. कन्नडमध्ये तिलाच ‘नेत्तरुगोडगे’ म्हणतात. नेत्तरु म्हणजे रक्त. आपल्याकडे गावोगावी, पारापाशी, पडक्या देवळाच्या अंगणात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो वीर. आपण त्याला शेंदूर लावतो, पण त्याच्यामागे राहिलेल्या घराची चूल पेटती ठेवण्याचीही एक रीत होती, हे विसरतो.

मराठी राज्यात या रीतीला ‘बालपरवेशी’ हे नाव मिळाले. परवेशी म्हणजे पालनपोषण, आणि शब्द फारसी ‘परवरिश’च्या कुळातला. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या बायकामुलांच्या पोटापाण्यासाठी सरकारातून जे वेतन किंवा जमीन मिळे, ती बालपरवेशी. शब्दाची सुरुवातच ‘बाल’पासून होते. मेलेल्याचे कौतुक करण्याऐवजी त्याच्या लेकराचे पोट भरायचे, हा विचार नावातच आहे. मात्र हे सगळे मृत्यूनंतर, देणाऱ्याच्या मर्जीने आणि मुख्यतः तलवार धरणाऱ्यासाठी. घागर धरणारा इथेही बाहेरच राहिला.

विम्याने गोष्ट उलटी केली. देणे आधीच ठरवायचे आणि थोडे थोडे सगळ्यांनी भरायचे. पण त्यातही आधी नंबर लागला घरांचा. १६६६ मध्ये लंडन जळाले आणि पुढच्या काही वर्षांतच तिथे इमारतींचा आगविमा सुरू झाला. आग विझवणाऱ्या माणसाचा विचार व्हायला फार वेळ गेला. १८६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘फायरमन्स फंड’ ही विमा कंपनी निघाली, ती नफ्यातला दहावा हिस्सा अग्निशामकांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी देण्याचे ठरवून.

आपल्याकडे कायद्याने हक्क आला तो १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातून. कामावर असताना मृत्यू आला तर मालकाने भरपाई द्यायची. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणूनच १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. ते ६६ जण नोकरीत होते. त्यांचे नाव हजेरीपटावर होते, त्यांना पगार होता, त्यांच्यावर साहेब होता.

स्वयंसेवकाचे घोडे अडते ते इथेच. कायदा पहिला प्रश्न विचारतो : तू कोणाचा नोकर? मृत्यूच्या भरपाईचे पुढे रूढ झालेले सूत्र असे, की महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचा. ज्याला पगारच नाही, त्याच्या बाबतीत गुणायचे कशाला? शून्याला कितीही मोठ्या आकड्याने गुणा, घरी शून्यच पोचते.

आणि आग लागली की पहिला पोचतो तो हाच बिनपगारी माणूस. दारासुरम्‌पासून हाकेच्या अंतरावर, कुंभकोणममध्ये, १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले गेली. त्या धुरात आजूबाजूच्या घरांतली माणसे धावली. त्यांना कोणी नेमले नव्हते.

या माणसाची सोय करणे अशक्य नाही. जर्मनीत स्वयंसेवी अग्निशामकांना कायद्यानेच अपघातविमा आहे. एवढेच नव्हे, तर संकटात सापडलेल्याला वाचवायला धावलेल्या वाटसरूलाही तो आहे. अमेरिकेने १९७६ च्या कायद्याने कर्तव्यावर मृत्यू आलेल्या स्वयंसेवी अग्निशामकाच्या कुटुंबालाही पगारी जवानाच्या कुटुंबाइतकीच रक्कम देऊ केली. आपल्याकडे ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवकांना विमा दिला जातो. आणि घरचेच उदाहरण हवे तर महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये दहीहंडीच्या ५०,००० गोविंदांचा विमा उतरवला, मृत्यू झाल्यास १० लाखांचा. गोविंदा कोणाचा नोकर, हे तिथे कोणी विचारले नाही. मंडळाने यादी दिली, तेवढे पुरले.

सणाच्या थरासाठी जे होते, ते वणव्यासाठी, गोठ्याच्या आगीसाठी, गॅसच्या टाकीचा भडका उडालेल्या चाळीसाठी का होऊ नये? गावात अशा वेळी कोण पुढे होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीने, गणेश मंडळाने, सोसायटीने त्यांची नावे लिहून काढावीत आणि त्यांचा समूह अपघात विमा उतरवावा. तेवढीही ऐपत नसेल तर बँकेत खाते असलेल्या, १८ ते ७० वयाच्या कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. गावाने ते २० रुपये आपल्या माणसासाठी भरावेत.

आपल्या पूर्वजांनी रक्ताची किंमत जमिनीत मोजून दिली, पण माणूस गेल्यावर. आपल्याला ती आधी ठरवता येते. पुढच्या ग्रामसभेत ही यादी करायला सांगा.