राखीव पॅराशूटची घडी : साधने, तंत्र आणि अनामिक श्रमाचा इतिहास

बीजसंज्ञा : राखीव पॅराशूट, घडी, रिगर, शिवणकला, २ पॅरा (मराठा), श्रमाचा इतिहास

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. नामदेव शिंपी कुळातील होते. गज, कातर, सुई आणि दोरा ही त्या व्यवसायाची साधने त्यांच्या पदरचनेत रूपके म्हणून आली आणि गुरुग्रंथसाहिबातील पदांच्या द्वारे पंजाबपर्यंत पोहोचली. अलुतेदारांच्या अनेक याद्यांतही शिंप्याचे नाव आढळते. तथापि, भक्तिसाहित्यात मानाचे स्थान मिळालेल्या या साधनांना आपल्या इतिहासलेखनात तसे स्थान मिळाले नाही.

कापड बेतणे, शिवणे व त्याची घडी घालणे या कामांवर माणसाचे प्राण थेट अवलंबून असावेत असे एक क्षेत्र विसाव्या शतकात उदयास आले. ते क्षेत्र पॅराशूटचे होय. मुख्य पॅराशूट न उघडल्यास उडी घेणाऱ्याजवळ एकच आधार उरतो, तो राखीव पॅराशूटचा. ही राखीव छत्री ज्याने घडी घालून बंद केली, तो उडीच्या वेळी तेथे नसतो. असते ती केवळ त्याची स्वाक्षरी. प्रस्तुत निबंधात या घडीच्या साधनांचा व तंत्राचा इतिहास मांडून त्यामागील श्रमाचे स्थान तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१. राखीव पॅराशूटच्या घडीचे तंत्र कसे विकसित झाले याचा आढावा घेणे.
२. घडीसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांचे कार्य स्पष्ट करणे.
३. भारतीय व विशेषतः मराठी संदर्भात या श्रमाची नोंद कितपत झाली आहे याचा विचार करणे.

त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पार्श्वभूमी : रेशमापासून नायलॉनपर्यंत

आंद्रे-जाक गार्नेरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून चौकटविरहित पॅराशूटच्या साहाय्याने अवतरण केले. त्यानंतर शतकभर पॅराशूट हा बव्हंशी जत्रेतील कसरतीचा विषय राहिला. पाठीवर बांधलेल्या बंद पिशवीतून इच्छेनुसार उघडणारे पॅराशूट २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्विन याने अमेरिकेतील मॅकूक फील्ड येथे यशस्वीपणे वापरले. येथून घडीला निर्णायक महत्त्व आले. पूर्वी छत्री बलूनखाली मोकळी लोंबकळत असे. आता ती लहान पिशवीत दाबून भरावयाची आणि क्षणार्धात, गुंता न होता, बाहेर यावी अशी अपेक्षा होती. २० ऑक्टोबर १९२२ रोजी हॅरॉल्ड हॅरिस या वैमानिकाने नादुरुस्त विमानातून उडी घेऊन अशाच पॅराशूटच्या बळावर आपले प्राण वाचविले.

दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशमाचा पुरवठा थांबल्याने नायलॉनचा स्वीकार झाला. ६ जून १९४२ रोजी नायलॉनच्या पॅराशूटची मानवी चाचणी प्रथम घेणारी अ‍ॅडलीन ग्रे ही तरुणी पॅराशूट कंपनीत रिगर, म्हणजे छत्र्यांची तपासणी, दुरुस्ती व घडी करणारी कारागीर होती. ब्रिटनमध्येही वायुदलाच्या महिला शाखेकडे पॅराशूटच्या घड्यांचे काम मोठ्या प्रमाणावर सोपविण्यात आले होते. म्हणजे युद्धाच्या आकाशातील पुरुषी पराक्रमाचा एक आधार जमिनीवरील स्त्रियांच्या हातांत होता.

घडीची साधने आणि तंत्र

या कामाची साधने पाहता शिंप्याच्या दुकानाशी असलेले त्यांचे नाते स्पष्ट होते. लांब, गुळगुळीत मेज हे पहिले साधन. त्यावर छत्री पसरून प्रत्येक पट्टा व प्रत्येक शिवण डोळ्यांनी आणि बोटांनी तपासली जाते. जुन्या गोल छत्र्यांचे कापड पुष्कळदा तिरपे बेतलेले असे, जेणेकरून फाटण्यास सुरुवात झाली तरी ती शिवणीपाशी थांबावी. बेतण्याचे हे ज्ञान मूलतः शिवणकलेचे आहे. घडी सरकू नये म्हणून तीवर वजनदार पिशव्या ठेवतात. दुमड बसविण्यासाठी व कोपऱ्यांत कापड सारण्यासाठी चपटी पट्टी वापरतात. तिच्या कडा गुळगुळीत असाव्या लागतात, अन्यथा कापडास इजा होते. दोऱ्या ताणून सरळ ठेवण्यासाठी आकडे असतात.

आधुनिक चौकोनी राखीव छत्रीच्या घडीचा क्रम असा सांगता येईल. प्रथम सर्व दोऱ्या मुळापासून टोकापर्यंत अखंड व न पिळता गेल्या आहेत याची खातरजमा करतात. नंतर कापडाचे कप्पे एकावर एक लावून, हवा दाबून काढून, छत्री एका आतील पिशवीत बसवितात आणि दोऱ्या वळशावळशाने तिच्या खणात रचतात. ही पिशवी पाठीवरील आवरणात ठेवून तिच्यावर स्प्रिंगची लहान मार्गदर्शक छत्री दाबतात. आवरणाच्या चारही पाळ्यांतून एक बारीक फास ओढून घ्यावयाचा असतो. त्यासाठी फासात तात्पुरती दोरी ओवतात आणि तात्पुरती पिन लावून दाब रोखून धरतात. शेवटी खेचदोरीची कायम पिन बसवून तात्पुरती पिन व दोरी काढून घेतात.

या बारीक फासाची लांबी हा नाजूक विषय आहे. फास सैल राहिल्यास पिन अवेळी निसटू शकते. फार आवळल्यास संकटात ती ओढणे कठीण होते. अमेरिकी मानकांनुसार पिन सुमारे १० किलोपेक्षा (२२ पौंड) अधिक ओढ न लागता निघाली पाहिजे. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या सायप्रेस या स्वयंचलित उपकरणाने ठरावीक उंचीवर व वेगावर हाच फास कापण्याची सोय केली. परंतु फास योग्य ठिकाणाहून ओवण्याचे काम माणसाच्याच हाती राहिले.

घडी पूर्ण झाल्यावर केली जाणारी साधनांची मोजणी हा या तंत्रातील सर्वांत बोलका भाग आहे. आरंभी जितकी साधने मेजावर होती तितकीच शेवटी असली पाहिजेत. एखादी वजनाची पिशवी किंवा तात्पुरती पिन आत राहिली तर छत्री उघडणारच नाही. म्हणून मोजणी पूर्ण झाल्याखेरीज काम संपले असे मानले जात नाही. त्यानंतर पिनेवर बारीक दोऱ्याने मोहोर लावतात आणि नोंदपत्रावर दिनांक, स्थळ व स्वाक्षरी करतात. मोहोर तुटलेली असल्यास छत्री पुन्हा तपासणीस जाते. अमेरिकेत फेरघडीची मुदत पूर्वी १२० दिवस होती, ती २००८ मध्ये कृत्रिम धाग्याच्या छत्र्यांसाठी १८० दिवस करण्यात आली. तेथे मुख्य छत्रीची घडी उडी घेणारा स्वतः घालू शकतो. राखीव छत्रीची घडी मात्र प्रमाणपत्रधारक रिगरनेच घालावी लागते. स्वतःच्या प्राणांसाठीही स्वतःच्या हातावर विसंबू नये, हे तत्त्व येथे नियमरूप झाले आहे.

भारतीय व मराठी संदर्भ

भारतात ५० वी पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी कानपूर येथे पॅराशूटचा आयुध कारखाना सुरू झाला. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या पुनर्रचनेनंतर तो ग्लायडर्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा भाग बनला. छत्रीसैनिकांचे प्रशिक्षण आणि पॅराशूटविषयक संरक्षण संशोधन यांचे केंद्र आग्रा हे आहे.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण स्वातंत्र्याच्या सुमारास छत्रीदलात समाविष्ट झाली. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची पुनर्रचना होऊन ती २ पॅरा (मराठा) या नावाने ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली या पलटणीने पूर्व पाकिस्तानातील टांगाइल येथे उडी घेतली. पूंगली पूल ताब्यात घेऊन मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविणे, हा तिचा हेतू होता. सुमारे सातशे सैनिक उतरले. एका सैनिकाची उडी विमानापाशीच अडकली, परंतु तोही नंतर सुखरूप उतरला. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम प्रवेश करणाऱ्या भारतीय तुकड्यांत ही पलटण होती.

टांगाइलच्या प्रचलित वर्णनांत सेनानी, विमाने व पूल यांचा उल्लेख येतो. त्या संध्याकाळी उघडलेल्या शेकडो छत्र्यांपैकी प्रत्येक छत्री आधी कोणाच्या तरी हातांनी तपासून घडी केलेली होती, याचा उल्लेख क्वचितच येतो.

नागरी क्षेत्रातील उदाहरण पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांचे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी पूर्वसरावाची एकही उडी न घेता उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली. तापमान उणे ३७ अंश सेल्सिअस होते. २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर उडी घेतली. त्यांच्या धैर्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि, पहिल्याच उडीत पाठीवरील साहित्यावर विश्वास ठेवणे म्हणजे त्याची घडी घालणाऱ्या अपरिचित व्यक्तीवर विश्वास ठेवणे होय.

निष्कर्ष

१. राखीव पॅराशूटच्या घडीचे तंत्र कापड बेतणे, शिवणे व दुमडणे या पारंपरिक कौशल्यांच्या पायावर उभे आहे.

२. मोजणी, मोहोर, मुदत व स्वाक्षरी या चार उपायांनी हस्तकौशल्याचे रूपांतर तपासता येण्याजोग्या विश्वासात झाले. येथे विश्वास गृहीत धरलेला नाही. तो प्रत्येक घडीबरोबर नव्याने सिद्ध केला जातो.

३. हा कारागीर नोंदपत्रावर नावानिशी जबाबदार असतो, परंतु इतिहासात तो निनावी राहतो. छत्री न उघडल्यास त्याची स्वाक्षरी शोधली जाते. उघडल्यास कोणी शोधीत नाही.

ही विसंगती केवळ पॅराशूटपुरती मर्यादित नाही. गावगाड्यातील कारागिरांविषयी आपण व्यवस्थेच्या अंगाने पुष्कळ लिहिले, त्यांच्या साधनांविषयी व हातोटीविषयी त्या मानाने थोडे. नोंदपत्रे, कारखान्यांची दप्तरे आणि निवृत्त कारागिरांच्या मुलाखती ही या इतिहासाची साधने होऊ शकतात. त्यांपैकी मुलाखतींना विलंब परवडणारा नाही, कारण हाताचे ज्ञान त्या हाताबरोबरच जाते. नरसी नामदेव परिसरातील शिवणकाम करणाऱ्या वृद्ध कारागिरांपासूनही महाविद्यालयीन इतिहास विभागांना या कामाचा आरंभ करता येईल.