अपलिंक पोर्ट म्हणजे काय?

संगणकांच्या नेटवर्कमध्ये अनेक संगणकांना एकत्र जोडणाऱ्या उपकरणास स्विच म्हणतात. केबल जोडण्यासाठी त्यावर असलेल्या जागांना पोर्ट ही संज्ञा आहे. ज्या पोर्टद्वारे स्विच वरच्या स्तरावरील मुख्य स्विचशी किंवा राउटरशी जोडला जातो, ते अपलिंक पोर्ट होय. त्या स्विचवरील सर्व संगणकांची बाहेर जाणारी आणि बाहेरून येणारी माहिती याच दुव्यातून वाहते. हा दुवा तुटल्यास संगणक सुस्थितीत असूनही त्यांचा बाहेरील संपर्क खंडित होतो.

उपग्रह दळणवळणात भू-केंद्राकडून उपग्रहाकडे जाणाऱ्या संदेशमार्गासही अपलिंक म्हणतात. बंगळुरूच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीस अशा दुव्यांचा आधार मिळाला. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने तेथे केंद्र स्थापन केले आणि अमेरिकेशी माहितीची देवाणघेवाण उपग्रहाद्वारे सुरू केली. पुढे १९९१ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या संस्थेने आपल्या भू-केंद्रामार्फत अनेक निर्यातदार कंपन्यांना ही सुविधा सामाईकपणे पुरविली. अनेकांची भिस्त एका दुव्यावर, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

१९९० च्या दशकातील हब या उपकरणावर मात्र अपलिंक पोर्टचे प्रयोजन निराळे होते. दोन हब साध्या केबलने जोडल्यास दोन्हींच्या संदेश पाठविणाऱ्या तारा एकमेकींसमोर येत. ही अडचण टाळण्यासाठी अपलिंक पोर्टमधील तारांची मांडणी वेगळी ठेवलेली असे. अन्यथा क्रॉसओव्हर केबल वापरावी लागे. आता बहुतेक उपकरणे हा बदल आपोआप करतात. त्यामुळे तो अर्थ मागे पडला आहे.

आजच्या स्विचमध्ये अपलिंक पोर्ट अधिक वेगाचे, बहुधा ऑप्टिकल फायबरचे असते. उदाहरणार्थ, १ गिगाबिट वेगाची २४ पोर्ट आणि १० गिगाबिटचे एक अपलिंक असल्यास कमाल मागणी क्षमतेच्या २.४ पट होते. सर्व संगणक एकाच वेळी पूर्ण वेगाने काम करीत नसल्याने हे प्रमाण सहसा पुरेसे ठरते.

सुरक्षिततेसाठी मोठ्या कार्यालयांत दोन अपलिंक ठेवले जातात. तथापि, योग्य व्यवस्थेविना दोन्ही जोडल्यास संदेश वर्तुळात फिरत राहून नेटवर्क ठप्प होऊ शकते. यावरील उपाय असलेली स्पॅनिंग ट्री ही पद्धत अमेरिकी संगणकतज्ज्ञ राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये विकसित केली. या पद्धतीत दुसरा दुवा राखीव राहतो आणि पहिला तुटताच कार्यान्वित होतो.