माळ्यावरची सफरचंदं

आढीतला एक आंबा नासला की सगळी आढी नासते, हे मराठी मुलाच्या कानावर शाळेत जायच्या आधीच पडतं, आणि पडतं ते बहुतेक वेळा वाईट संगतीच्या संदर्भात. इंग्रज हेच सफरचंदाबद्दल म्हणतात, आणि निदान सहाशे वर्षं म्हणत आले आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनं अर्धवट सोडलेल्या आचाऱ्याच्या गोष्टीत मालक एका उनाड उमेदवाराला हाकलतो, तो याच म्हणीची आठवण होऊन. दोन्हीकडे म्हणीतला उपदेश इतका मुरला की तिच्यातलं साधं निरीक्षण मागे पडलं. हे निरीक्षण फळं साठवणाऱ्यांचं आहे. त्याचं कूळ शोधत गेलं तर रोमन शेतघरातून निघून आपण काश्मीरमधल्या हवाबंद गोदामाच्या दारात येऊन उभे राहतो. हा प्रवास सहसा थंडीचा म्हणून सांगितला जातो: आधी गार माळा, मग बर्फघर, मग कोल्ड स्टोरेज. मला तो तसा वाटत नाही. थंडी या गोष्टीत मदतीला आली आहे. गोष्ट फळाच्या श्वासाची आहे.

आधी एक भेद करायला हवा. परसातल्या एका जुन्या झाडावरून दोन-तीन आठवड्यांत जो ढीग उतरतो तो एका घराला खाऊन संपत नाही. युरोपातल्या घरांनी त्यावर दोन तोडगे काढले. पहिला, फळ मारून ठेवायचं: चकत्या दोरीत ओवून चुलीवर वाळवायच्या, रस काढून आंबवायचा, नाहीतर मधात किंवा साखरेत शिजवायचं. आपला मुरांबा याच घराण्यातला. अरबी ‘मुरब्बा’ मराठीत आला आणि आपल्या कानाला त्यात आंबा ऐकू आला. खुद्द ‘सफरचंद’ हा शब्द अरबी-फारसी ‘सफरजल’वरून आला असं मानतात, आणि सफरजल म्हणजे सफरचंद नव्हेच, बिही. कच्ची खाल्ली तर तोंड आवळून टाकणारी आणि पाकात शिजली की एकदम रुपाला येणारी. (मार्मालेडचं नावही बिहीच्याच पोर्तुगीज नावावरून, मार्मेलोवरून, पडलं आहे.) ही वाट खात्रीची, कारण मेलेलं फळ फारसं बदलत नाही. दुसरा तोडगा अवघड: फळ जिवंत ठेवायचं, पण त्याला म्हातारपण येऊ द्यायचं नाही. झाडावरून उतरवलेलं सफरचंद मेलेलं नसतं. ते ऑक्सिजन घेतं, स्वतःतली साखर आणि आम्ल जाळतं, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडी ऊब बाहेर टाकतं. देठ तुटल्यावर आवक थांबलेली असते, खर्च मात्र चालू राहतो. माळ्यावर रचलेली सफरचंदं म्हणजे धुमसणाऱ्या शेकडो बारीक शेगड्या. त्या विझू द्यायच्या नाहीत आणि भडकूही द्यायच्या नाहीत. साठवण म्हणून मी इथे बोलतो आहे ती हीच.

रोमन लेखकांना यातलं रसायन ठाऊक असणं शक्य नव्हतं, तरी फळघर कसं बांधावं हे त्यांनी बारकाईनं लिहून ठेवलं आहे. त्याला त्यांनी ग्रीकांकडून घेतलेलं नाव ‘ओपोरोथिका’: ओपोरा म्हणजे उन्हाळा उतरताना येणारी फळं आणि थिका म्हणजे ठेवण्याची जागा. इ.स.पूर्व ३७च्या सुमारास वारो आपल्या शेतीच्या ग्रंथात सांगतो की फळघराच्या खिडक्या उत्तरेला असाव्यात, वारा खेळता असावा आणि भिंतींना संगमरवराच्या चुन्याचा गिलावा द्यावा, म्हणजे खोली गार राहते. काहीजण जेवणाची बैठकही तिथेच मांडतात असं तो सांगतो, आणि मेजवानीपुरती रोमच्या बाजारातून फळं विकत आणून गावाकडचं फळघर सजवणाऱ्यांना चिमटाही काढतो. फार्महाऊसचा मिरवणारा मालक बराच जुना आहे म्हणायचा. पुढच्या शतकात प्लिनी बजावतो की वाऱ्यानं पडलेली फळं वेगळी ठेवावीत. पण माझ्या दृष्टीनं कळीचा नियम कोलुमेलाचा. प्रत्येक जातीला वेगळी पेटी द्यावी, कारण निरनिराळ्या जाती एकत्र कोंडल्या तर त्यांचं एकमेकींशी पटत नाही आणि त्या लवकर खराब होतात. या नियमाचा थंडीशी काहीच संबंध नाही. खोली तीच, गारवा तोच, तरी एका जातीला दुसरीचा शेजार बाधतो. म्हणजे त्यांच्यामध्ये हवेतून काहीतरी जातं-येतं. ते काय, हे कळायला आणखी अठराशेहून जास्त वर्षं जावी लागली.

इंग्लंडातल्या शेतघरांत हेच नियम रोजच्या शिस्तीचा भाग होते. फळ देठासकट हातानं उतरवायचं, झाड हलवून पाडायचं नाही. डागी फळ आधी स्वयंपाकात घालायचं. माळ्यावरच्या फळ्यांवर सफरचंदं एकेरी थरात, एकमेकांना न चिकटता मांडायची, चांगल्यातलं चांगलं कागदात गुंडाळायचं, आणि दर आठवड्याला फिरून नासकं उचलायचं. यातलं निम्मं काम मात्र माळ्यावर नाही, झाडाच्या निवडीतच होऊन जात असे. ऑगस्टमध्ये पिकणारं ‘ब्युटी ऑफ बाथ’ कितीही जपलं तरी काही दिवसांत पिठूळ होतं. ऑक्टोबरमध्ये उतरवलेलं ‘ब्रॅम्ली’ मार्चपर्यंत सहज राहतं. या ब्रॅम्लीची हकिकत मजेची आहे. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बिया पेरल्या आणि त्यांतून हे झाड आलं. १८४६मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं विकत घेतलं. पुढे मेरीवेदर नावाच्या रोपवाटिकावाल्यानं कलमं विकायची परवानगी मागितली, तेव्हा ब्रॅम्लीनं अट घातली की नाव माझं लागलं पाहिजे. पेरणारीचं नाव गेलं आणि घर विकत घेणाऱ्याचं राहिलं. आंबट, मोठं, शिजवून खायचं हे सफरचंद हिवाळाभर टिकतं म्हणून घराघरांत लागलं, आणि माळ्याचं गुपित अखेर उलगडलं ते त्याच्यावरच.

त्याच्या आधी एक चुकलेली संधी आहे. फ्रान्समध्ये माँपेलियेच्या बेरार या रसायनशास्त्रज्ञानं १८२१मध्ये दाखवून दिलं की ऑक्सिजन नसलेल्या हवेत ठेवलेलं फळ पिकत नाही, आणि पुन्हा साध्या हवेत आणलं की पिकायला लागतं. जर्दाळू, पीच यांना त्यानं असं महिनाभर थोपवलं, सफरचंद आणि नासपती यांना सुमारे तीन महिने. त्याला फ्रेंच विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं, पण बागायतदारांपर्यंत ही गोष्ट पोचली नाही. शंभरेक वर्षांनी, पहिल्या महायुद्धातल्या अन्नटंचाईमुळे इंग्रज सरकारनं अन्नसंशोधनाचं मंडळ नेमलं, तेव्हा केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी धागा नव्यानं उचलला. किडची सुरुवात फळापासून झालेली नव्हती. ओलसर फळाच्या पोटात असूनही बी तिथेच का रुजत नाही, हा त्याचा १९१४चा प्रश्न, आणि बीभोवती साठणारा कार्बन डायऑक्साइड त्याला झोपवून ठेवतो हे त्याचं उत्तर. बीला जे झोपवतं ते फळालाही झोपवेल का, इतकंच पुढे विचारायचं होतं.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण फरक पडतो तो थंडीनंच. फ्रिज नसता तर हा श्वासाचा विचार कोणी केला असता? आक्षेपात वजन आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं की फळाचं श्वसन दोन-तीन पटींनी मंदावतं, इतका फरक माळ्यावरची कुठलीच युक्ती पाडू शकत नाही. पण याच वाक्यात उत्तरही आहे: थंडी जे करते ते श्वास मंद करूनच. शिवाय तिला मर्यादा आहे. ब्रॅम्ली तीन-चार अंशांच्या खाली ठेवलं तर बाहेरून ठाकठीक दिसतं आणि आतून तपकिरी पडतं. थंडी आणखी वाढवणं हाच उपाय असता तर गोष्ट इथेच संपली असती. किड आणि वेस्ट यांनी थंडी तिथेच थांबवली आणि खोली बंद केली. बाहेरून कुठलाही वायू सोडला नाही. सफरचंदांनी ऑक्सिजन घेतला, तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि झरोके कमी-जास्त उघडून तो आठ ते दहा टक्क्यांवर धरून ठेवला. सफरचंदांना झोपवणारी हवा सफरचंदांनीच तयार केली होती. १९२९मध्ये केंटमधल्या कँटरबरीजवळ पहिलं व्यापारी ‘गॅस स्टोअर’ उभं राहिलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट स्मॉक यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र नेलं, ते ‘कंट्रोल्ड ॲटमॉस्फिअर’ या नावानं. महायुद्धांच्या काळात खाण्याच्या वस्तूशेजारी ‘गॅस’ हा शब्द कुणाला रुचला असता असं वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. माळा वारा खेळवतो आणि गॅस स्टोअर वारा कोंडतं. मग एक दुसऱ्याचा पूर्वज कसा? माझं उत्तर असं की घरगुती साठवणीच्या पहिल्यापासूनच दोन शाखा होत्या. उघड्या फळीच्या जोडीला जमिनीत पुरलेले खड्डे होते, तोंड लिंपलेली मडकी होती. या बंद शाखेचा सर्वांत सुबक नमुना सफरचंदाचा नाही, द्राक्षांचा आहे. काबूलच्या उत्तरेकडच्या गावांत माती आणि भुसा कालवून थाळ्यांसारखी भांडी करतात, उन्हात वाळवतात, आत जाड सालीची द्राक्षं ठेवतात आणि दोन थाळ्या चिखलानं सांधून टाकतात. या बंद जोडीला ‘कंगिना’ म्हणतात. शरद ऋतूत मिटलेली कंगिना नवरोजला, म्हणजे मार्चमध्ये, फोडतात आणि द्राक्षं ताजी निघतात. माती हवा पुरती अडवत नाही आणि मोकळीही सोडत नाही, म्हणून आत ऑक्सिजन थोडा आणि कार्बन डायऑक्साइड बराच असा मेळ जमतो. किड आणि वेस्ट झरोक्यानं जे साधत होते ते इथे भांड्याची भिंत साधते. उघडा माळा आणि लिंपलेली थाळी वरवर परस्परविरोधी दिसतात, पण फळानं सोडलेल्या हवेचं काय करायचं, हा प्रश्न दोघांचाही आहे. एक ती घालवून देतो, दुसरी ती वापरते.

घालवून द्यायचं कारण कार्बन डायऑक्साइड नव्हतं, आणि कोलुमेलाच्या पेट्यांचा खुलासा इथे होतो. १९०१मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबॉव्ह या संशोधकाला दिसलं की प्रयोगशाळेच्या हवेत वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात. दोष दिव्यांच्या गॅसमधल्या इथिलीनचा निघाला. १९३४मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. फळाचं श्वसन आधी मंद होत जातं आणि एका टप्प्यावर एकदम उसळतं. किड आणि वेस्ट यांनी या उसळीला ‘क्लायमॅक्टेरिक’ हे नाव दिलं होतं, ग्रीकमध्ये शिडीची पायरी. इथिलीन फळाला त्या पायरीवर ढकलतं, आणि चढलेलं फळ आणखी इथिलीन सोडून शेजाऱ्याला ओढतं. लवकर पिकणारी जात उशिरा पिकणाऱ्या जातीबरोबर ठेवली की काय होणार, हे वेगळं सांगायला नको. जखमी आणि बुरशी लागलेलं फळ हा वायू जास्तच सोडतं, म्हणून नासक्या सफरचंदाची म्हण दुहेरी खरी: बुरशी चिकटून पसरते, पण न चिकटलेल्या फळांनाही हवा पोचतेच. म्हणून पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ज्या प्लिनीनं पडलेली फळं वेगळी ठेवायला सांगितलं त्यानंच तोडणीसाठी चंद्राची तिथीही नेमून दिली होती. रोमन नियमांत खरं आणि खोटं शेजारी शेजारी बसलं आहे. ते निवडायला लागली ती प्रयोगशाळाच.

आता महाराष्ट्रातली बाजू. कोकणात हापूसची आढी घालतात ती बरोबर उलट हेतूनं. कच्चे आंबे भाताच्या पेंढ्यात थरावर थर रचून झाकतात, म्हणजे त्यांची ऊब आणि त्यांचंच इथिलीन आत कोंडून राहतं आणि आठ-दहा दिवसांत आढी पिकते. वारोनंही सफरचंदासाठी पेंढा सुचवला आहे. पेंढा तोच, पण तो विरळ पसरला की फळं एकमेकांपासून दूर राहतात आणि दाबून रचला की ती एकमेकांना पिकवतात. घाईच्या व्यापारात पेंढ्याची जागा कार्बाइडनं घेतली, त्यातून निघणारा ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो. त्याला कायद्यानं बंदी आहे आणि त्याऐवजी दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी आहे. म्हणजे वाशीच्या बाजारात आंब्याच्या पिकवणीच्या खोलीत जो वायू मोजून सोडतात, त्यालाच काश्मीरमध्ये पुलवाम्यातल्या लासीपोऱ्याच्या सीए, म्हणजे कंट्रोल्ड ॲटमॉस्फिअर, स्टोअरमध्ये थोपवून धरतात. तिथे ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर असतो. माणूस तसाच आत शिरला तर बेशुद्ध पडेल. खोली एकदा उघडली की आतली सगळी सफरचंदं जागी होतात, म्हणून ती उघडतात तेव्हा माल पूर्णच बाहेर काढायच्या तयारीनं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरलेलं फळ एप्रिलमध्ये पुण्यात हातगाडीवर कडक मिळतं ते यामुळे. तेच सफरचंद घरी आणून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात टाकलं की ते थंडीतही इथिलीन सोडत राहतं. शेजारची कोथिंबीर त्यानं लवकर पिवळी पडते, आणि त्यावर उपाय कोलुमेलानं सांगितला तोच, पेटी वेगळी.