मधेच सोडणाऱ्याच्या हातात काय उरतं? मायकेल वेस्ट आणि इंग्रजी वाचनाची पुस्तकं

एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला मला एक शोधनिबंध वाचायला दिला होता. दहा पानांचा. मी मराठी माध्यमातून आलेली. डिक्शनरी उघडून बसले आणि प्रत्येक अडलेल्या शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत गेले. रात्रीपर्यंत दीड पान झालं. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "या लोकांनी नेमकं शोधलं काय?" मला एक वाक्य धड सांगता आलं नाही. शब्दांचे अर्थ सगळे लिहिलेले, पण मजकुराचा अर्थ हाती आलाच नव्हता.

तुमच्यापैकी अनेकांचं असंच होत असणार. आपण काय म्हणतो? "माझं इंग्रजी कच्चं आहे." विषय संपला. पण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने वेगळ्या बाजूने विचारला होता, आणि तोही आपल्या उपखंडातच, ढाक्यामध्ये. आज त्याची गोष्ट सांगते. तक्रारीचं रूपांतर संशोधनाच्या प्रश्नात कसं होतं, हे या गोष्टीत फार छान दिसतं.

विम्यातून उचललेली कल्पना

मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) हे १९१२ मध्ये इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये आले आणि पुढे ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या वेळी बंगालमधली मुलं शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकत आणि त्यातली बरीचशी शिक्षण अर्धवट सोडून जात. अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्या मुलाचा विचार करून आखलेला. जो चौथ्या-पाचव्या वर्षी गळला, त्याच्या पदरात काय पडलं? थोडं व्याकरण, काही पाठ केलेली वाक्यं, आणि एकही पुस्तक स्वतःहून वाचता येत नाही अशी अवस्था.

वेस्ट यांनी यासाठी विम्याच्या व्यवहारातला शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मधेच बंद केली तर हातात जी रक्कम पडते ती. त्यांनी विचारलं, एखाद्या विषयाचं शिक्षण मधेच सोडलं तर विद्यार्थ्याला त्यातून किती फायदा उरतो? काही विषयांत पहिल्या वर्षाचं शिक्षणही उपयोगी पडतं. त्या काळातल्या इंग्रजीच्या शिक्षणात मात्र बहुतेक फायदा शेवटी ठेवलेला होता, म्हणजे गळणाऱ्याच्या वाट्याला जवळजवळ शून्य.

यावर त्यांचं उत्तर होतं, आधी वाचन. बोलायला समोर माणूस लागतो, लिहायला तपासणारा लागतो. वाचायला पुस्तक पुरतं, आणि शाळा सुटली तरी वाचन सुटत नाही. बंगाली मुलाला शास्त्र, शेती, जगातल्या घडामोडी यांच्याकडे जायची वाट म्हणून इंग्रजी हवं असेल, तर वाचता येणं ही पहिली कमाई. ही मांडणी १९२६ च्या 'बायलिंग्वॅलिझम' या त्यांच्या अहवालात आहे. तो भारत सरकारच्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध केला होता.

तक्रार मोजायची कशी?

आता संशोधक म्हणून नीट लक्ष द्या. "पुस्तकं अवघड आहेत" ही तक्रार झाली. ती मोजता येत नाही. वेस्ट यांनी तिचे दोन भाग केले. पहिला: पुस्तकात कोणते शब्द आहेत? दुसरा: नवे शब्द किती दाटीने येतात?

पहिल्या भागासाठी त्यांना एक साधन मिळालं. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये १०,००० शब्दांची यादी छापली होती. कोणता शब्द छापील मजकुरात किती वेळा येतो, हे मोजून बनवलेली. त्या कसोटीवर शाळेतली वाचनमाला लावली की दिसायचं, मुलं असे शब्द पाठ करतायत जे पुढे क्वचितच भेटणार. वेस्ट यांनी ते बदलले. 'आइल'च्या जागी 'आयलंड', 'नॉट' या जुन्या शब्दाच्या जागी 'नथिंग', 'एअर' या काव्यातल्या शब्दाच्या जागी 'बिफोर'.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका पानावर पंधरा नवे शब्द आले तर मूल वाचत नाही, ते उलगडत बसतं. माझ्या त्या दीड पानाचं हेच झालं होतं! म्हणून 'न्यू मेथड रीडर्स' या लाँगमन्सने काढलेल्या मालेत नवे शब्द थोडे थोडे, अंतर ठेवून येतात आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. शिवाय माहीत असलेल्याच शब्दांत लिहिलेली पूरक पुस्तकं होती. 'रॉबिन्सन क्रूसो' अशाच सोप्या रूपात आलं. त्यात शिकवायचं नवीन असं फारसं नसायचं. गोष्ट कळली आणि पुढचं पान उलटावंसं वाटलं, एवढंच काम. आनंदासाठी वाचन ही पद्धतीचीच एक पायरी होती.

आपल्याकडची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवा. आजोबांच्या पिढीने त्यावर इंग्रजी शिकलं, आणि चांगलं शिकलं. तिथे वाक्याचं भाषांतर करत करत नियम पक्का करायचा असतो. वेस्ट यांच्या पुस्तकात गोष्ट वाचत वाचत शब्द पक्का होतो. दोन्ही पद्धती शिकवतातच. फरक हा की मधेच सोडलं तर हातात काय उरतं.

यादी बनते कशी

१९३४ मध्ये न्यूयॉर्कला कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने शब्दनिवडीवर एक परिषद झाली. वेस्ट, थॉर्नडाइक आणि जपानमध्ये काम करणारे हॅरॉल्ड पामर एकत्र आले. १९३६ मध्ये अंतरिम अहवाल आला, आणि १९५३ मध्ये वेस्ट यांची सुमारे २,००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट'.

या यादीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, शब्द किती वेळा येतो एवढ्यावरच निवड केलेली नाही. तो किती ठिकाणी कामाला येतो आणि त्याच्यासाठी दुसरा सोपा शब्द आहे का, हेही पाहिलंय. दोन, एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ किती टक्के वेळा येतात, तेही दिलंय. म्हणजे आकडा हाताशी होता, पण निर्णय आकड्यावर सोडून दिला नव्हता.

त्याआधी १९३५ मध्ये वेस्ट आणि एंडिकॉट यांचा कोश आला होता. त्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत सांगितले होते. एक अवघड शब्द बघायला जावं आणि त्याच्या अर्थात आणखी तीन अवघड शब्द भेटावेत, हा त्रास त्याने कमी केला. लाँगमनच्या १९७८ च्या विद्यार्थीकोशाने हीच रीत सुमारे २,००० शब्दांवर पुढे नेली.

शिक्षकाचं काय?

वेस्ट शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात होते, त्यामुळे वर्ग कसा असतो हे त्यांना ठाऊक होतं. १९६० मध्ये त्यांनी अवघड परिस्थितीत इंग्रजी शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला वर्ग आपल्या ओळखीचा आहे: बाकांवर दाटीने बसलेली चाळीस-पन्नास मुलं, उकाडा, आणि स्वतःलाच इंग्रजी फारसं सफाईने बोलता न येणारे शिक्षक. त्या शिक्षकांना दोष न देता, आहे त्या परिस्थितीत काय करता येईल ते ते सांगतात. चांगलं श्रेणीबद्ध पुस्तक असेल तर सगळा भार एकट्या सरांवर येत नाही.

मग हे खरं ठरलं का?

पद्धत पटणं वेगळं आणि पुरावा मिळणं वेगळं. आनंदासाठी वाचनाने दुसरी भाषा सुधारते का, याचा एक गाजलेला प्रयोग फिजीमध्ये झाला. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी तो १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे पुस्तकं जवळजवळ नव्हतीच अशा ग्रामीण भागातल्या ८ शाळांमधल्या चौथी-पाचवीच्या ३८० मुलांसाठी प्रत्येक वर्गाला २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली. १६ शिक्षकांना ती कशी वापरायची ते सांगितलं: काही वर्गांत शिक्षकांनी मुलांसोबत वाचायचं, काहींत सगळ्यांनी रोज शांतपणे आपापलं वाचायचं. तुलनेसाठीच्या ४ शाळांमधली २३४ मुलं नेहमीच्याच पद्धतीने शिकली. ८ महिन्यांनी पुस्तकं मिळालेल्या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झालेली दिसली. २० महिन्यांनी फरक आणखी वाढला आणि भाषेच्या इतर कौशल्यांतही पसरला.

आता थांबा आणि संशोधकाच्या नजरेने बघा. इथे पुस्तकं आणि शिक्षकांना मार्गदर्शन, दोन्ही एकत्र दिलंय. म्हणून निष्कर्षही दोन्हींचा मिळून आहे. "नुसती पुस्तकं टाका, मुलं आपोआप शिकतील" असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही. ग्रंथालयाचं कपाट कुलूपबंद असलेली शाळा तुम्ही पाहिली असेलच.

वेस्ट यांच्या कामालाही मर्यादा आहेत. बंगालमधल्या मुलाला वाचण्यापुरतं इंग्रजी पुरे, हे ठरवणारा अधिकारी राज्यकर्त्यांच्या बाजूचा होता. त्या मुलाला सभेत उठून बोलायचं असेल तर? आणि १९५३ ची यादी आजच्या इंग्रजीला आहे तशी लागू करता येत नाही. म्हणून तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

तुमच्या कामाचं

या कामाचा एक धागा थेट तुमच्या टेबलावर येतो. न्यूझीलंडमधल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी वेस्ट यांचे २,००० शब्द बाजूला ठेवून, सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरात आणखी कोणते शब्द सगळ्या शाखांत वारंवार येतात ते शोधलं. २००० मध्ये आलेल्या त्यांच्या यादीत ५७० शब्दकुटुंबं आहेत. शैक्षणिक मजकुराचा साधारण १० टक्के भाग ती व्यापतात. कथा-कादंबरीत मात्र जेमतेम १.४ टक्के. म्हणजे कितीही कादंबऱ्या वाचल्या तरी हे शब्द फारसे भेटत नाहीत आणि शोधनिबंध उघडला की दर दहा शब्दांत एक भेटतो. ही यादी वेगळी करावी लागते. ५७० हा आकडा घाबरण्यासारखा नाही: रोज पाच घेतले तर चार महिन्यांत संपते.

पण यादी पाठ करून थांबू नका. रोज वीस मिनिटं असं काहीतरी वाचा, ज्यात एका पानावर चार-पाचपेक्षा जास्त शब्द अडत नाहीत. श्रेणीबद्ध गोष्ट असो, लहान मुलांचं विज्ञानाचं पुस्तक असो. लाज वाटू देऊ नका. मी एम.एस्सी.ला असताना पाचवीच्या मुलांसाठीची पुस्तकं वाचली, खोलीचं दार लावून! वर्षभराने तोच दहा पानांचा निबंध एका दुपारी संपला.

आणि उद्या तुम्ही स्वतःचा संशोधनाचा प्रश्न ठरवायला बसाल, तेव्हा वेस्ट यांचा प्रश्न जवळ ठेवा. जो शेवटपर्यंत टिकतो त्याचा विचार सगळेच करतात. जो मधेच गळतो, त्याच्या हातात काय उरतं? तुमच्या विषयात हा गळणारा कोण आहे, ते कमेंटमध्ये जरूर लिहा.